अंदमानची सहल : काय पाहावे, काय करावे

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला किंवा दिवाळी फराळाला आपण जमलो आणि गप्पा फिरण्यावर आल्या, की हल्ली कोणीतरी "यंदा एखाद्या बेटावर जाऊ" असे म्हणतेच. मालदीव, बाली, मॉरिशस ही नावे निघतात. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांच्या फोनमध्ये कॅरिबियन बेटांवरच्या क्रूझचे फोटो असतात. निळे-हिरवे पाणी, प्रवाळ, पांढरी वाळू आणि पाण्यावर वाकलेले नारळ हे सगळे अंदमानातही आहे. हैदराबादहून तिथे थेट विमान जाते आणि सव्वादोन-अडीच तासांत पोहोचते. पारपत्र लागत नाही, चलन बदलावे लागत नाही. हिंदी सगळीकडे चालते आणि पोर्ट ब्लेअरच्या बाजारात तेलुगु बोलणारेही बरेच भेटतात. मराठी, तेलुगु आणि दख्खनी अशा तिन्ही भाषांवर वाढलेल्या आपल्या लोकांना तिथे परके वाटत नाही.

आधी एक तक्रार नोंदवतो. बहुतेक सहल कंपन्यांच्या पाच रात्री-सहा दिवसांच्या आखणीत सेल्युलर जेल पहिल्या दिवशी दुपारी साडेतीन-चारला असते. पहाटे तीनला उठून विमान धरलेले कुटुंब तिथे पेंगत पोहोचते. तासाभरात कोठड्यांसमोर फोटो काढून होतात आणि सगळे ध्वनिप्रकाश कार्यक्रमाच्या रांगेत उभे राहतात. आमच्या पहिल्या खेपेस असेच झाले. दुसऱ्यांदा आम्ही सकाळी गेलो आणि तेव्हा कुठे ती जागा कळली. म्हणून आखणी करणाऱ्याला आधीच सांगावे, की जेलला सकाळचे तीन तास हवेत. बाकीचे कार्यक्रम त्याभोवती बसवता येतात.

नावे आणि ऋतू

नकाशे आणि तिकिटांवर आता नवी नावे दिसतात, त्यामुळे गोंधळ होतो. २०१८ च्या डिसेंबरात रॉस बेटाला नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, हॅवलॉकला स्वराज द्वीप आणि नीलला शहीद द्वीप अशी नावे दिली गेली. २०२४ च्या सप्टेंबरात पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम झाले. रिक्षावाले आणि बोटवाले अजून जुनीच नावे वापरतात, म्हणून इथेही तीच ठेवली आहेत. विमानतळाला मात्र पूर्वीपासून वीर सावरकरांचे नाव आहे.

जायला डिसेंबरचा उत्तरार्ध ते एप्रिल हा काळ उत्तम. मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस सुरू होतो आणि नैर्ऋत्य मोसमी वारे सरले तरी ईशान्येचे येतात, म्हणून नोव्हेंबरातही पाऊस असतो. शाळेच्या सुट्या पाहून दिवाळीत जाणाऱ्यांनी एखादा दिवस भिजण्यात जाईल हे धरून चालावे.

घड्याळ आपलेच, पण सूर्य तिथला. अंदमान इतके पूर्वेला आहे की डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्याकडे चहाची वेळ असते तेव्हा तिथे अंधार पडायला लागलेला असतो. "आधी आराम करू, मग चारला निघू" ही आपली सवय तिथे उपयोगाची नाही. सहाला बाहेर पडावे, दुपारी झोपावे. आजी-आजोबांना हे वेळापत्रक आवडते. कॉलेजातल्या मुलांना सांगून पाहावे.

सेल्युलर जेल

१८९६ ते १९०६ या काळात कैद्यांच्याच हातांनी ही इमारत उभी राहिली. मधला मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या तीन मजली सात शाखा असा तिचा आराखडा होता. आज त्यांतल्या तीन शाखा आणि मनोरा उरला आहे. पाडलेल्या शाखांच्या जागी गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी ही वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून अर्पण झाली.

प्रत्येक कोठडी साडेतेरा फूट लांब आणि सात फूट रुंद. मुले आत शिरली की "एवढी काही लहान नाही" म्हणतात, आणि ते खोटे नाही. त्यांना बांधणीची युक्ती दाखवावी. एका शाखेची समोरची बाजू दुसरीच्या पाठीकडे तोंड करून आहे. त्यामुळे गजांतून पाहिले तर दुसऱ्या माणसाचा चेहरा कधीच दिसत नाही, फक्त भिंत दिसते. दाराचा अडसर बाहेर भिंतीतल्या खोबणीत इतका दूर नेलेला आहे, की आतून हात कितीही लांबवला तरी कडीपर्यंत पोहोचत नाही. मुलांना हात घालून पाहू द्यावे. माझ्या भाच्याने तो प्रयोग पाच मिनिटे केला आणि नंतर बराच वेळ काही बोलला नाही.

अंगणात कोलूची प्रतिकृती आहे. बैलाच्या जागी माणूस जुंपून दिवसाला ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास, खोबरेल काढायचे. ते भरले नाही तर शिक्षा. जवळच फाशीघर आहे.

सावरकरांची कोठडी सातव्या शाखेत सर्वांत वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. तिला दुहेरी दार आहे. जिने उंच आहेत आणि गुडघे दुखणाऱ्यांना त्रास होतो. पण वेळ हाताशी असेल तर थांबत थांबत चढता येते, सकाळी जाण्याचा हाही एक फायदा. विनायकराव ४ जुलै १९११ ला इथे आले. थोरले बंधू बाबाराव त्याआधीच इथे होते, तरी दोघांची भेट बराच काळ झाली नाही. १९२१ च्या मे महिन्यात दोघांना हिंदुस्थानात परत नेले. सावरकरांचे अर्ज आणि त्यांचे पुढचे राजकारण यांवर आपल्याही घराघरांत वेगळी मते आहेत. वाद घालायचाच असेल तर निघण्याआधी 'माझी जन्मठेप' वाचून घालावा. आणखी एक दुरुस्ती. सागराला उद्देशून लिहिलेली त्यांची जी कविता आपण सगळे गातो ती अंदमानातली नाही. ती इंग्लंडात ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचली. अंदमानात रचलेले काव्य म्हणजे 'कमला'. कागद-लेखणी नसताना त्यांनी ते पाठ करून सांभाळले.

आपल्यातले बरेचजण ती एक कोठडी पाहून परत फिरतात. मनोऱ्यात कैद्यांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या आहेत, तिथे थांबावे. बंगालची नावे सर्वांत जास्त आहेत. सावरकर बंधूंखेरीज नाशिकच्या जॅक्सन खटल्यातले वामन नारायण जोशी हेही इथे होते, आणि त्यांचे नाव आपल्या मुलांनी बहुधा ऐकलेले नसते. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंग, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्रा यांचा मृत्यू झाला. जपानी ताब्याच्या काळात, म्हणजे १९४२ ते ४५ मध्ये, याच कोठड्यांत हेर ठरवून पकडलेल्या स्थानिकांचे हाल झाले. तो भाग गाइड घाईत सोडून देतात, मुद्दाम विचारावा.

हैदराबादकरांनी आणखी एक नाव मनात ठेवून जावे. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या पुढाकाराने इंग्रज रेसिडेन्सीवर हल्ला झाला. ती रेसिडेन्सी म्हणजे आपले कोटीचे वुमेन्स कॉलेज. सुलतान बाजारात साडी घ्यायला किंवा विवेक वर्धिनीत कार्यक्रमाला जाताना आपण तिच्या भिंतीवरून जातो. तुर्रेबाज खान पकडले गेले, कैदेतून निसटले आणि पुढे मारले गेले; कोटीजवळच्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. मौलवींना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, अंदमानला पाठवले गेले आणि ते तिथेच वारले. त्यांचे नाव कोठड्यांत शोधू नये, कारण ही इमारत तेव्हा नव्हती. १८५८ च्या मार्चमध्ये २०० कैद्यांनिशी ही वसाहत सुरू झाली, तेव्हा कैद्यांकडून जंगल तोडून घेत. सेल्युलर जेल त्याच्या जवळजवळ चाळीस वर्षांनंतरचे. म्हणजे हैदराबादहून पोर्ट ब्लेअरला जाणारी वाट नाशिकहून जाणारीपेक्षा जुनी आहे.

जेल दुपारी मध्ये बंद असते आणि संध्याकाळी पाचच्या आत आवरते. सुटीचा वारही असतो. तिकिटे काढण्यापूर्वी तो हॉटेलवाल्याला विचारावा. ध्वनिप्रकाश कार्यक्रम हिंदीतला घ्यावा. डासांसाठी मलम लावून बसावे.

पोर्ट ब्लेअरच्या आसपास

जेलच्या खालच्याच धक्क्यावरून रॉस बेटावर होडी जाते, दहा-पंधरा मिनिटांत. हे बेट इंग्रजांचे राजधानीचे ठिकाण होते. चर्च, बेकरी, क्लब, पोहण्याचा तलाव असे सगळे होते. १९४१ च्या भूकंपाने आणि पाठोपाठ आलेल्या जपान्यांनी ते उजाड झाले. आता वडा-पिंपळाच्या मुळांनी भिंती धरून ठेवल्या आहेत आणि मधून हरणे, मोर फिरतात. जेल पाहिल्यानंतर त्याच दिवशी इथे यावे. समोर कैदी कोलू ओढत होते तेव्हा इकडे पाव भाजला जात होता, हे दोन्ही जागा एका दिवसात पाहिल्याशिवाय जाणवत नाही. लहान मुलांना हरणे पुरेशी आहेत.

नॉर्थ बेला प्रवाळ पाहण्यासाठी काचेच्या तळाच्या होड्या असतात. गर्दी फार. जुनी लाल २० रुपयांची नोट घरात असेल तर ती सोबत न्यावी. तिच्या पाठीवरचे माड आणि दीपगृह म्हणजेच हा नॉर्थ बे. ज्यांना हॅवलॉकला जायचेच आहे त्यांनी इथे पाण्यात उतरण्यावर पैसे खर्च करू नयेत, तिथले प्रवाळ चांगले आहेत.

चाथमची लाकूड गिरणी १८८३ ची आहे आणि अजून चालते. अभियंते आणि निवृत्त कारखानदार मंडळी तिथून लवकर बाहेर येत नाहीत, असा अनुभव आहे. मानववंशशास्त्र संग्रहालय लहान पण चांगले आहे. वंडूरहून जॉली बॉय बेटाला जाता येते. ते सागरी राष्ट्रीय उद्यानात असल्याने परवाना लागतो, रोजच्या माणसांची संख्या ठरलेली असते आणि प्लॅस्टिकची एकही पिशवी नेऊ देत नाहीत. पावसाळ्यात ते बंद असते.

बोटी

अंदमानात सगळी आखणी बोटीच्या तिकिटावर उभी असते, हॉटेलच्या नव्हे. सरकारी बोटी फिनिक्स बेच्या धक्क्यावरून सुटतात. त्या स्वस्त आहेत, पण जागा मिळणे कठीण. खासगी वातानुकूलित बोटी हॅडोहून सुटतात आणि दीड-दोन तासांत हॅवलॉकला पोहोचतात. विमानाचे तिकीट काढले की त्याच आठवड्यात बोटीचेही काढावे. प्रत्येकाचे ओळखपत्र, अगदी लहान मुलांचेही आधार कार्ड, सोबत हवे. परदेशी पारपत्राची नातवंडे बरोबर असतील तर त्यांचे नियम वेगळे आहेत, ते आधी पाहून घ्यावेत. निकोबार बेटे सर्वसाधारण पर्यटकांना खुली नाहीत.

समुद्र खवळला तर बोट रद्द होते, आणि त्यात कोणाचा इलाज नसतो. म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढावी. सकाळी नीलहून बोट आणि दुपारी विमान असा जोड कोणी सुचवला तर नको म्हणावे. आम्ही तो स्वीकारला होता आणि पाच जणांची तिकिटे नव्याने काढली.

बोट लागणाऱ्यांनी निघण्याआधी अर्धा तास गोळी घ्यावी आणि मध्यभागी, खालच्या बाजूला बसावे. आल्याच्या वड्या, आवळा सुपारी बरोबर ठेवावी. पोट रिकामे ठेवू नये आणि भरूही नये.

हॅवलॉक आणि नील

गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर ही हॅवलॉकमधल्या गावांची नावे ऐकून नवल वाटते. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने इथे जमिनी दिल्या, त्यांनी जंगलात भातशेती उभी केली आणि ही नावे रुजली. आज तुमचे हॉटेल, रिक्षा आणि माशांचे कालवण बहुधा त्यांच्याच नातवंडांच्या हातचे असते.

राधानगरचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सूर्यास्तासाठी तिथे साडेतीनलाच पोहोचावे. वाळू पिठासारखी आणि किनारा इतका लांब, की गर्दीतही दहा मिनिटे चाललात तर एकटे होता. लाल निशाण लावलेले असेल किंवा जीवरक्षक नको म्हणत असेल तर पाण्यात उतरू नये. काही खाड्यांजवळ मगरी असतात, त्याचे फलक गंमत म्हणून लावलेले नाहीत. कालापत्थर पूर्वेला आहे, ते सकाळी पाहावे. पोहणाऱ्या हत्तीचे फोटो पाहून मुले त्याला शोधतात. तो राजन नावाचा हत्ती २०१६ मध्ये वारला.

एलिफंट बीचला होडीने अर्ध्या तासात जाता येते. तिथे पोहणे न येणाऱ्यांनाही रबरी कडे धरून, तोंड पाण्यात घालून प्रवाळ आणि मासे पाहता येतात. पासष्टीच्या एक मावशी नऊवारी सोडून पहिल्यांदा पंजाबी ड्रेसमध्ये पाण्यात उतरल्या आणि बाहेर यायला तयार नव्हत्या.

स्कूबा हा हॅवलॉकचा मुख्य खेळ आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांना प्रशिक्षक धरून फार तर बारा मीटरपर्यंत नेतो, त्यासाठी पोहता येणे आवश्यक नाही. वय किमान दहा. दमा, हृदयविकार, कानाचा जुना आजार किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर उतरू नये. आरोग्याचा अर्ज भरून घेतात, त्यात खरे लिहावे. एक प्रशिक्षक दोन माणसांना नेणार असेल तर दुसरीकडे जावे. डुबकीनंतर किमान अठरा तास, शक्यतो पूर्ण दिवस, विमानात बसू नये. रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे होऊन त्रास देतो. म्हणून स्कूबा सहलीच्या पूर्वार्धात ठेवावी.

नील बेट लहान आणि संथ आहे. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर असे रामायणातले किनारे, मध्ये भाजीचे मळे. सायकल भाड्याने घेऊन एका दिवसात सगळे होते. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर दगडाची नैसर्गिक कमान आहे, ती ओहोटीतच पाहता येते. इथे आपले पंचांग कामाला येते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण मोठे, तशी ओहोटीही मोठी. पाणी खूप मागे जाते आणि खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, रंगीत मासे उघडे पडतात. ओहोटीची नेमकी वेळ मुक्कामी विचारावी. दगड निसरडे असतात, पट्ट्याच्या सँडल घालाव्यात.

बाराटांगविषयी

चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी पाहायला बाराटांगला नेतात. पहाटे तीन-साडेतीनला निघायचे, मग जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा होईपर्यंत थांबायचे. तो रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. खारफुटीतली होडीची वाट सुंदर आहे हे मान्य. तरी आम्ही तो दिवस गाळा असे सुचवतो. वयस्कांना प्रवास झेपत नाही हे एक कारण, आणि गाडीत बसलेले पर्यटक ज्या आशेने खिडकीला चिकटतात ते दुसरे. जारवा काही प्रेक्षणीय स्थळ नाहीत. तिथे थांबणे, फोटो काढणे, खायला देणे हे सगळे कायद्याने गुन्हा आहे. एखादा चालक "दाखवतो" म्हणाला तर त्याला जागेवर नकार द्यावा. गुहाच पाहायच्या असतील तर समुद्रमार्गे जाणारी बोट आहे का ते विचारावे.

किरकोळ, पण लागणारे

शाकाहारी जेवण मिळते, मात्र हॅवलॉक-नीलवर रात्री नऊनंतर स्वयंपाकघरे बंद होतात. बरोबर दशम्या, चिवडा, लाडू असावेत. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून पोर्ट ब्लेअरला इंटरनेट बरे आहे. लहान बेटांवर फोनवरून पैसे जातीलच असे नाही, तेव्हा रोख ठेवावी. शनिवार-रविवार जोडून तीन दिवसांत उरकण्यासारखी ही सहल नाही. सहा रात्री धराव्यात : पोर्ट ब्लेअरला दोन, हॅवलॉकला दोन, नीलला एक आणि शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअरला. जेलची सकाळ दुसऱ्या दिवशी येते आणि स्कूबा चौथ्या.

पोर्ट ब्लेअरला मराठी माणसे आहेत. २०१५ च्या सप्टेंबरात चौथे विश्व मराठी साहित्य संमेलन तिथे झाले. अध्यक्ष होते नांदेडचे शेषराव मोरे, म्हणजे जुन्या हैदराबाद राज्यातलेच.

येताना किनाऱ्यावर वेचलेले शंख आणि प्रवाळाचे तुकडे बॅगेत घालू नयेत. मेलेला, पांढरा पडलेला तुकडा असला तरी चालत नाही. विमानतळावर बॅग उघडतात, तुकडे काढून घेतात आणि दंडही होऊ शकतो. हवेच असतील तर सागरिका या सरकारी दुकानातून घ्यावेत आणि पावती हातातल्या पिशवीत ठेवावी.